एकवीस दिवसांचं पिंप

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डाव्या हाताने पाइप दाबून धरलाय आणि उजव्याने लिहितोय. सोल्युशन सुकेपर्यंत हलायचं नाही. पंपाच्या खोलीत बसायला उलटी बादली आहे, गुडघ्यावर पावतीपुस्तक आणि त्यावर हा कागद. अक्षर वाकडं आलं तर दोष बादलीचा.

काम असं आहे. क्लोरीन थेंब थेंब सोडणारा छोटा पंप तुला माहीत आहे. त्याच्या तोंडाशी झडप असते आणि झडपेत नाण्याएवढी काळी रबरी चकती. पंप चालू असेल तेव्हाच ती क्लोरीन पुढे जाऊ देते, एरवी वाट बंद. डीलरने तिची किंमत तिप्पट केली आहे. मी कुरकुरलो तर म्हणाला की परवडत नसेल तर दुसरीकडे बघा. चष्मा पुसत म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

माझ्याकडे देखभालीला त्रेचाळीस पोहण्याचे तलाव आहेत. प्रत्येकाला वर्षात दोन चकत्या लागतात. दर वाढवला तर इस्पितळाचा उपचारांचा तलाव जाईल. स्वस्तात करून देणारे दारात उभेच आहेत. आणि तो गेला की बाकीचे विचारू लागतील, का गेला म्हणून.

तुमच्या गावात रबराशिवाय काही पिकत नाही. तू तिथे नळ्यांच्या कारखान्यात भांडार सांभाळतेस. कुणी साचेवाला अशी चकती करून देईल का? नमुना पाकिटात घातला आहे. नेहमीप्रमाणे उंटावरून शेळ्या न हाकता या वेळी खाली उतरून बघ.

बाबा बरे आहेत. आमची मास्तरीण, म्हणजे तुझी भावजय, शाळेच्या वह्यांत बुडालेली आहे, नमस्कार सांगते. पाइप धरला वाटतं. सोडून बघतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा
धाकटा


१० मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

उतरले खाली. तीन साचेवाल्यांकडे जाऊन आले. पहिला ऐकूनच घेत नव्हता, दुसऱ्याने हजाराच्या खाली साचा लावत नाही म्हणून सांगितलं. तिसरा लोहारासारखा हात काळे करून बसला होता. त्याने तुझी चकती उलटसुलट केली, नखाने दाबली आणि म्हणाला की त्यात काय विशेष, उद्या घेऊन जा. डीलरच्या निम्म्याहून कमी घेतो. बारा नमुने पाठवते आहे.

रबर कुठलं असं मी विचारलं. तेच आहे, बाई, म्हणाला. तेच म्हणजे कुठलं, ते त्यालाही ठाऊक नसावं. दिसायला तर जुळी भावंडं आहेत. पण आपण दोघंही दिसायला सारखे आहोत आणि तू काय आहेस ते मला माहीत आहे. तेव्हा बसवण्याआधी चकत्या बाबांच्या क्लोरीनच्या पिंपात टाक. पूर्ण एकवीस दिवस. त्यांनी आयुष्यात एक वायसरसुद्धा पिंपातून काढल्याशिवाय कुणाच्या तलावात घातला नाही. पिंपाला खोटं बोलता येत नाही असं ते म्हणायचे, ते मला अजून पाठ आहे.

फोन करून काही उपयोग होत नाही. घरी तो बाबा उचलतात, कोण बोलतंय विचारतात, मी सांगते, आणि मग बरं म्हणून ठेवून देतात. गेल्या आठवड्यात दोनदा झालं. मला त्याचं काही नाही. तू मात्र त्यांचं खरं काय ते लिही. बरे आहेत एवढं लिहून माझी बोळवण करू नकोस.

मास्तरीणबाईंना सांग, वह्या तपासून डोळे गेले तर चष्मा डीलरकडून घेऊ नकोस.

जपून राहा. आशीर्वाद आहेतच.
ताई


४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चकत्या पास!

खरं काय ते लिही म्हणालीस, म्हणून लिहितो. बाबा मला कधी धाकटा म्हणतात, कधी त्यांच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारतात. मास्तरणीला ते शेजारीण समजतात आणि रोज संध्याकाळी, उशीर झाला, तुमच्या घरी वाट बघत असतील, असं सांगतात. ती होय म्हणते आणि स्वयंपाकघरात जाते. पण पिंप विसरले नाहीत. रोज सकाळी सहाला खाकी सदरा घालून मागच्या अंगणात जातात. डब्यातून दोन चमचे पावडर पिंपात टाकतात, काठीने ढवळतात आणि भिंतीवर खडूची रेघ मारतात. एकवीस रेघा झाल्या, एकही कमी नाही आणि जास्त नाही. मी मोजल्या.

मी साडेपाचला घराबाहेर पडतो, त्यामुळे रोज बघायला मिळत नाही. परवा मुद्दाम थांबलो. त्यांनी चकती काढली, दुमडली, वास घेतला, दाताखाली धरून बघितली. मग ती माझ्या हातावर ठेवली आणि पास म्हणाले. त्या एका शब्दापुरते ते अगदी पूर्वीचे होते. मी दहावीत पहिल्यांदा नापास झालो तेव्हा ज्या आवाजात बोलले होते त्याच आवाजात. शब्द तेवढा उलटा.

साठ पाठव. महिनाअखेर बसवायला घेतो, सुरुवात इस्पितळापासून. ताई, खूप दिवसांनी हलकं वाटतंय. साचेवाल्याला काळ्या हातांसाठी साबण माझ्याकडून.

अशीच आठवण ठेव.
तुझा
धाकटा


२ मे

चि. धाकट्यास,
अ. आ.

साठ मिळाल्याचं तुझं कार्ड आलं. हे पत्र कुरियरने पाठवते आहे. उभ्याउभ्या वाचू नकोस, बसून वाच.

मोठी मागणी द्यायला गेले तेव्हा साचेवाल्याकडे आपल्याच चकत्यांचा ढीग दुसऱ्या खोक्यात भरत होते. कशासाठी, विचारलं. घरगुती नळांसाठी म्हणाला. मी म्हणाले, अहो पण मी तुम्हाला आमच्या कामाचं सांगितलं होतं. तर म्हणाला, तुम्ही पाणी म्हणालात बाई, पाण्यातच राहणार ना त्या?

खरं आहे. मी पाणीच म्हणाले होते. क्लोरीन म्हटलं असतं तर त्याने खास माल म्हणून भाव चढवला असता. मला शहाणपणा सुचला.

पिंपाने पास केल्या होत्या म्हणून साठ पाठवून दिल्या, तरी घरी येऊन एक चकती काचेच्या बाटलीत टाकली, वर तसलंच क्लोरीनचं पाणी ओतलं आणि बाटली खिडकीत ठेवली. १३ एप्रिलला. रोज पाणी बदलत होते. पंधरा दिवस काही दिसलं नाही आणि मी स्वतःलाच हसत होते. आज चिमट्याने काढली. दुमडली तर कडेला तडे गेले. बोटांना काजळीसारखं काळं लागलं, धुऊनही निघालं नाही. आमच्याकडच्या रबर मळणाऱ्या म्हाताऱ्याला दाखवली. त्याने नुसती बघून खाली ठेवली आणि म्हणाला की हे साधं रबर, याला क्लोरीन खाऊन टाकतं.

मग बाबांच्या पिंपात ती एकवीस दिवस धडधाकट कशी राहिली? बाटलीत काही चुकलं असेल किंवा पिंपात. दोन्ही बरोबर असू शकत नाही. कुठे चुकलं ते कळेपर्यंत एकही बसवू नकोस. बसवल्या असशील तर काढ. आधी इस्पितळातली.

रागावू नकोस. रागावलास तरी चालेल, पण काढ.

आशीर्वाद.
ताई


८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बसूनच वाचलं. एकतीस बसवून झाल्या आहेत. आता कुणाकुणाकडे जाऊन झडपा उघडू आणि काय सांगू? माझ्या बहिणीच्या खिडकीत एक बाटली आहे म्हणून?

तुझी बाटली एवढीशी. त्यात किती कडक पाणी घातलंस कुणास ठाऊक. बाबांचं पिंप पस्तीस वर्षांचं आहे. पिंपाने नापास केलेली वस्तू मी कधी बसवली नाही आणि पास केलेली कधी फसली नाही. स्वस्त माल तूच शोधलास. आता तुझीच छाती धडधडते, तर तो त्रास मला का देतेस? हात दाखवून अवलक्षण करायला मला वेळ नाही.

इस्पितळातून तक्रार आहे, पण ती वेगळी. सकाळच्या पहिल्या तुकडीचे डोळे चुरचुरतात असं तिथल्या व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या. मी क्लोरीन थोडं कमी केलं आहे. होतं असं कधीकधी.

मास्तरीण तुझं पत्र वाचल्यापासून बोलत नाही. तुम्ही बायका मिळून मला घाबरवायचं ठरवलंय की काय?

बाबा बरे आहेत.
धाकटा


९ मे

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना माहीत नाही. शाळेच्या मधल्या सुट्टीत लिहिते आहे. वर्गात कुणी नाही, फळ्यावर सकाळचा भागाकार तसाच आहे.

चूक तुमच्या बाटलीत नाही.

गेल्या वर्षी बाबांनी पावडर हाताने काढली आणि तोच हात डोळ्याला लावला. बाबांचे डोळे आले आहेत असं तुम्हाला कळवलं होतं, ते हेच. चार दिवस पट्टी होती. डॉक्टर म्हणाले की पुन्हा झालं तर डोळा जाईल. बाबांना पिंपाजवळ जाऊ नका म्हटलं तर ते अंथरुणातून उठेनात, जेवेनात. ह्यांना मी सांगितलं की मी लक्ष ठेवीन. रोज सहाला मला लक्ष ठेवता येईना, शाळेचा डबा करायचा असतो. मग एक दिवस मी डबा रिकामा केला, धुतला आणि जाडं मीठ भरलं.

त्यांना कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. आमच्या घरात क्लोरीनचा वास कपड्यांना, टॉवेलांना, उशांनाही येतो. पिंपाला येत नाही हे कुणाच्या नाकाला समजणार? आणि तेव्हा सगळा माल डीलरकडूनच यायचा. मला वाटायचं, पिंप म्हणजे आता बाबांचा वेळ जायचं साधन. तुमच्या चकत्या त्यात पडल्या तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही, ताई, खरंच नाही आलं. हे आनंदाने घरी आले आणि पास म्हणाले, तेव्हा मीही हसले. तुमचं पत्र वाचलं तेव्हा मिठाचा डबा आठवला.

बाबांनी एकवीस दिवस मिठाच्या पाण्यात चकत्या बुडवल्या. तसल्याच एकतीस तलावांत आहेत. आज चार वेळा सांगायला ह्यांच्यासमोर उभी राहिले आणि चहा हवा का विचारून परत आले. ह्यांना सांगितलं की बाबांना कळणार. बाबा सकाळी उठतात ते त्या पिंपासाठी.

काय करू ते लिहा. घंटा झाली.

रागावलात तरी दूर लोटू नका.
तुमची
मास्तरीण


१३ मे

प्रिय मास्तरणीस,
अ. आ.

हे पत्र मिळेल त्याच दिवशी त्याला सांग. चहा विचारू नकोस. माझं पत्र त्याच्या हातात दे आणि समोर बसून राहा.

तू मीठ घातलंस ते डोळा वाचवायला. मी पाणी म्हणाले ते चार पैसे वाचवायला. तेव्हा रांगेत माझा नंबर तुझ्या आधी. त्याला हेही वाचू दे.

इस्पितळाच्या तलावातलं पाणी गरम असतं. तिथली चकती सगळ्यात आधी जाईल. तिथे गुडघ्यांची, कमरेची माणसं उतरतात, त्यांना घाईने बाहेरही पडता येत नाही. त्यांचे डोळे चुरचुरतात ते उगाच नाही.

बाकीचं नंतर.
ताई


१६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिने परवा सांगितलं. मी गाडी काढली आणि इस्पितळात गेलो.

झडप उघडली. चकती अर्धीच होती. उरलेली झडपेला चिकटलेली, बोट लावल्यावर ओल्या बिस्किटासारखी आली. रात्रभर पंप बंद असताना क्लोरीन पाइपात झिरपत होतं आणि सकाळी पंप चालू केला की ते एकदम तलावात जात होतं, पहिल्या तुकडीच्या तोंडावर. मी क्लोरीन कमी केलं होतं, त्याचा काय उपयोग? वाटच उघडी होती.

मेट्रनबाईंना सगळं सांगितलं. मिठाचं नाही सांगितलं. माझा माल खराब निघाला एवढंच. त्यांनी तलाव दोन दिवस बंद केला आणि दुसऱ्या कंपनीचा माणूस बोलावला. पुढच्या महिन्यात माझं काय ते कळवतील. एक निवृत्त बसड्रायव्हर आहेत, गुडघा बदललेले. त्यांना खोकला लागला होता, आता बरे आहेत. मी भेटायला गेलो तर मला समजावत होते की पाण्याचं काय, कधी असं कधी तसं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डीलरकडे अस्सल चार चकत्या होत्या. एक इस्पितळात, तीन लहान मुलांच्या तलावांत बसवल्या. बाकीच्या यायला दोन आठवडे लागतील. सत्तावीस तलाव उरले. तिथे कुणाची तक्रार नाही. माल येईल तसतशा गुपचूप बदलून टाकीन. सत्तावीस मालकांना सांगत सुटलो तर सत्तावीस जातील. तोपर्यंत रोज फेरी मारून लक्ष ठेवतो.

बाबांना सांगायचं माझ्याने होत नाही. काल डीलरची एक जुनी चकती हातात घेऊन अंगणात उभे होते. ही टाकू का, विचारत होते. मी टाका म्हणालो. तू ये आणि सांग. तू थोरली आहेस. मागच्या पत्रात जे लिहिलं ते डोक्यातून काढून टाक.

तुझा
धाकटा


२० मे

चि. धाकट्यास,
अ. आ.

ते मी वाचलंच नव्हतं असं समज.

मला एक तारखेआधी रजा नाही, भांडाराची मोजणी चालू आहे. आणि असती तरी मी सांगणार नव्हते. पास म्हणून चकती तुझ्या हातावर ठेवली होती, माझ्या नाही.

रोज फेरी मारून तू काय बघणार? चकती झडपेच्या आत असते. इस्पितळातली तरी बाहेरून दिसली का तुला? आजच सत्तावीस ठिकाणचे छोटे पंप बंद कर, त्यांच्या क्लोरीनच्या नळ्या काढून ठेव आणि क्लोरीन सकाळ-संध्याकाळ हाताने घाल. मालक विचारतील का, तर खरं सांग. जे जातील ते जातील. गुपचूप बदलणं म्हणजे आणखी एक मिठाचा डबा. एकाने काय झालं ते बघितलंस. आणि तिने तो निदान प्रेमापोटी भरला होता.

बाबांनाही सांग. त्यांचं नाव लावून माल गेला आहे. त्यांना वेडं समजून गप्प बसलास तर ते खरंच वेडे ठरतील.

एकट्याने जमलं नाही तर मास्तरणीला शेजारी उभी कर.

पाठीशी आहे.
ताई


२५ मे, संध्याकाळ

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज बाबांना सांगितलं.

दुपारी अंगणात, पिंपाशीच. मास्तरीण शेजारी होती. डब्याचं तिने सांगितलं, चकत्यांचं मी. त्यांनी मग डबा मागितला. बोट ओलं करून आत घातलं, जिभेला लावलं. कधीपासून, असं विचारलं. तिने सांगितलं. किती ठिकाणी बसवल्या, विचारलं. मी एकतीस म्हणालो. कुणाला लागलं का, विचारलं. मी ड्रायव्हरकाकांचं सांगितलं.

मला वाटलं ओरडतील. मास्तरणीच्या डोक्यावर हात ठेवून ते आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. सदरासुद्धा काढला नाही. जेवायला उठले नाहीत. ती दोनदा ताट घेऊन गेली. दुसऱ्या वेळी त्यांनी तिला शेजारीण म्हटलं नाही, नावाने हाक मारली आणि नको म्हणून सांगितलं. ती स्वयंपाकघरात रडते आहे. मी इथे बसलोय.

मी पंप अजून बंद केलेले नाहीत. सत्तावीसही चालू आहेत. तुझं पत्र आल्यापासून रोज सकाळी पहिल्या फाटकापर्यंत जातो, सांगायचं ठरवतो आणि गाळणी धुऊन परत येतो. तुला खोटं लिहिणार नाही. आता या घरात पुरे झालं ते.

तुझा
धाकटा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं. २६ तारीख. आज सकाळी बाबा सहाला उठले. कालचं त्यांना काही आठवत नव्हतं. चकती पास झाली का, विचारलं. मास्तरीण म्हणाली, नापास. बसवली आहे का, विचारलं. मी हो म्हणालो. मग इथे काय उभा आहेस म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. पहिल्या दोन ठिकाणी मालकांना त्यांनीच सांगितलं, की चकती मी पास केली होती, ती वाईट निघाली, पंप बंद करतो आहोत. एकाने आमचं काम बंद केलं, एकाने ठेवलं. तिसऱ्या फाटकाशी आपण कशाला आलोत ते बाबा विसरले. तिथे मी सांगितलं. दुपारपर्यंत अकरा पंप बंद केले.